पेटीचा हात पियानोवर: कॅरोल किंगच्या ढंगात वाजवत कसं गायचं

अमेरिकन गायिका आणि संगीतकार कॅरोल किंग हिचं एखादं गाणं पियानोवर बसवायला घेतलं की पेटी वाजवणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. उजव्या हातानं गाण्याची चाल वाजवतो आणि डाव्या हातानं जमेल तसा आधार देतो. सूर बरोबर लागतात, शब्द बसतात, तरी गाणं मूळ रेकॉर्डसारखं उभं राहत नाही. दोष बोटांचा नसतो. किंगच्या वादनात चाल पियानोवर नसतेच, ती फक्त गळ्यात असते. पियानो बास, ड्रम आणि गिटार या तिघांची कामं एकटा करतो. पेटीची साथ गळ्याच्या मागोमाग जाते. हा पियानो गळ्याच्या आधी जागेवर पोचलेला असतो. हा फरक हातात उतरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून खालचं बरंचसं लिखाण त्याभोवतीच फिरतं.

तिचा हात असा घडला त्याला कारण आहे. किंगचा जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कचा. विशी गाठायच्या आत ती नवरा जेरी गॉफिन याच्यासोबत आल्डन म्युझिक या प्रकाशन कंपनीसाठी गाणी करत होती. शब्द त्याचे, चाल तिची, गाणारे तिसरेच. शिरेल्स या चौघींनी गायलेलं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गाणं एखाद्या गायकाच्या गळी उतरवायचं तर आधी डेमो, म्हणजे नमुन्याचं साधं रेकॉर्डिंग, करावा लागे, आणि बास कुठे चालेल, ठेका कुठे पडेल, गाणं कुठे उचललं जाईल हे सगळं त्या डेमोच्या पियानोतून कळावं लागे. निर्माता लू ॲडलर हे डेमो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत तिचा 'टॅपेस्ट्री' हा अल्बम रेकॉर्ड झाला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये बाहेर आला, तेव्हा त्यानं हीच डेमोची ठेवण मुद्दाम राखली: पियानो पुढे, आवाज जवळ, बाकीची वाद्यं मागे. शिकायला हा अल्बम सोयीचा आहे तो त्यामुळेच. तिचे दोन्ही हात स्वच्छ ऐकू येतात.

इथे तुम्हाला मेजर-मायनर कॉर्ड धरता येतात एवढं गृहीत धरलं आहे. स्वर इंग्रजी नावांनी दिले आहेत; पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे ए फ्लॅट.

वाद्य आणि बैठक

६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालतो, पण तो टच सेन्सिटिव्ह हवा, म्हणजे हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर मोठा आवाज यायला हवा. हे नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही. परवडत असेल तर ८८ वेटेड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. त्याचा खरा फायदा जास्तीच्या पट्ट्यांपेक्षा वजनाचा आहे. हलक्या पट्ट्यांवर डाव्या हाताला दाब किती द्यायचा याचा अंदाजच येत नाही.

आवाजांच्या यादीतला पहिला साधा ग्रँड पियानो निवडा. सोबत स्ट्रिंग्ज मिसळलेला 'पियानो प्लस' छापाचा आवाज नको, ऑटो रिदम नको, रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, असेल तर शून्याजवळ आणा. रिव्हर्बमध्ये पेडलच्या चुका झाकल्या जातात आणि मग त्या कायमच्या हातात बसतात.

सस्टेन पेडल, म्हणजे पायानं दाबून स्वर लांबवायचं पेडल, लागणारच. कीबोर्डसोबत येणारं चपटं प्लॅस्टिकचं बटण फरशीवर पळतं. पियानोच्या पेडलसारखा लांब पत्रा असलेलं वेगळं घ्या आणि खाली रबरी मॅट ठेवा. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर आवाज लांबत असेल, तर ते बिघडलेलं नाही. बऱ्याच कीबोर्डवर पेडलची दिशा चालू करतानाच ओळखली जाते. वाद्य बंद करा, पेडल जोडा, पाय बाजूला ठेवा आणि मग चालू करा. तरीही उलटंच राहिलं तर पेडलच्या बुडाशी छोटा स्विच असतो का बघा.

मांडी घालून, कीबोर्ड जमिनीवर ठेवून हे होणार नाही. पाय पेडलपर्यंत पोचत नाही, आणि पुढे वाकून बसल्यावर पोट दबतं व श्वास अर्धा राहतो. बैठक अशा उंचीची घ्या की कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर येईल. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसा, पाठ टेकू नका.

उजवा हात: तीन स्वर, थोडीच जागा

उजवा हात मधल्या सीच्या आसपासच राहतो. ६१ पट्ट्यांवर डावीकडून तिसरा सी, ८८ वर चौथा. त्याच्या खालच्या जीपासून वरच्या जीपर्यंत एवढंच कार्यक्षेत्र. याहून वर गेलात की पियानो गाणाऱ्याच्या सुरांवर चढतो आणि शब्द ऐकू येईनासे होतात.

एका कॉर्डवरून दुसरीकडे जाताना हात उचलून उडी मारायची नाही. सगळ्यात जवळचा आकार घ्यायचा. सी मेजर जी-सी-ई असा धरला (अंगठा, मधलं बोट, करंगळी), तर एफ मेजर ए-सी-एफ असा (अंगठा, तर्जनी, करंगळी). सी जागच्या जागी राहिला, बाकीची दोन बोटं एकेक पायरी वर सरकली. बस्स. सरगमात सांगायचं तर प-सा-ग वरून ध-सा-म. कॉर्डच्या बदलात मधली एखादी ओळ अशी सरकताना ऐकू आली पाहिजे. नुसते ठोकळे बदलल्यासारखं वाटलं तर आकार चुकला आहे.

आता या सगळ्या पद्धतीचा गाभा. उजवा हात ए-सी-एफवर ठेवा आणि हलवू नका. फक्त डाव्या हाताचा एकेरी स्वर बदला:

डावीकडे एफ वाजवा: साधा एफ मेजर.
डी वाजवा: तोच हात डी मायनर सेव्हन झाला, थोडा उदास.
काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट वाजवा: एकदम मोकळा, पसरट आवाज.
जी वाजवा: हा तो आवाज, ज्यावरून किंगचं गाणं ओळखू येतं.

कॉर्डच्या पुस्तकात याला जी इलेव्हन, जी नाइन सस किंवा सरळ एफ ओव्हर जी म्हणतात. नाव कुठलंही घ्या, काम काय होतं ते कानानं पकडा. सी हा सा धरला तर खाली पंचम वाजतोय, म्हणजे षड्जाकडे परतायची ओढ आहे. पण वर म-ध-सा आहेत आणि शुद्ध निषाद कुठेच नाही. साध्या जी सेव्हनमध्ये नी असतो आणि तो साकडे ढकलतो; इथे ढकलणारा नाही, म्हणून ओढ आहे पण घाई नाही. या कॉर्डवरून सीवर उतरताना ए-सी-एफ चा जी-सी-ई होतो: ध खाली पवर, म खाली गवर, सा जागेवर. दोन बोटं एकाच वेळी एकेक पायरी उतरतात. हा एक बदल पन्नासदा वाजवा, हळू, आणि दर वेळी ती दोन बोटं ऐका.

जिथे जिथे जी सेव्हन लिहिलेला दिसेल तिथे एफ ओव्हर जी ठेवून बघा. दहातल्या सात जागी चांगलं लागेल. जिथे चालीत बी, म्हणजे नी, ठळकपणे गायला जातो तिथे लागणार नाही, सीशी भांडेल. तिथे जी सेव्हनच ठेवा.

याच जातीची आणखी एक सोपी युक्ती: डावीकडे ए आणि उजवीकडे सी मेजरचा जी-सी-ई. हा ए मायनर सेव्हन. डावीकडे ई आणि उजवीकडे जी-बी-डी हा ई मायनर सेव्हन. तीन-तीन स्वरांचे आकार तेवढेच राहतात, खालचा पाया बदलला की रंग बदलतो.

डावा हात: बासवाला

डाव्या हाताचं मुख्य काम कॉर्डचा पाया वाजवणं. करंगळी आणि अंगठा, सप्तकाची जोडी. हात लहान असेल तर जोडीऐवजी एकच खालचा स्वर, अधूनमधून त्याचा पंचम. मधल्या सीच्या खालच्या सप्तकापलीकडे डाव्या हातानं तीन स्वरांची पूर्ण कॉर्ड धरू नका. खालच्या पट्टीत गंधार आणि षड्ज इतके जवळ आले की नुसती घरघर ऐकू येते. पेटीवरून आलेल्यांना ही सवय नसते, पण कीबोर्डच्या ऑटो कॉर्डवर शिकलेल्यांना हटकून असते.

६१ पट्ट्यांची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. सगळ्यात खालचा स्वर सी असल्यामुळे सी, डी, ई, एफ यांच्या जोड्या आरामात बसतात. पण जी आणि ए यांची जोडी घ्यायला गेलं की डावा अंगठा उजव्या हाताच्या जागेत शिरतो. तिथे जोडी सोडा, खालचा एकच स्वर थोड्या जास्त दाबानं वाजवा. ७६ किंवा ८८ पट्ट्यांवर हा प्रश्न येत नाही.

ठेका

मोजणी अशी: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगानं ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर. पायरीनं जा, एकदम दोन्ही हात नकोत.

१. फक्त उजवा हात, प्रत्येक आकड्यावर एक कॉर्ड. चारही सारख्या दाबाच्या.
२. तेच, पण दोन आणि चारवर किंचित जोर. ड्रममध्ये स्नेअर पडतो ती ही जागा.
३. फक्त डावा हात: एकवर लांब स्वर, 'दोन'नंतरच्या 'आणि'वर छोटा, तीनवर पुन्हा.
४. दोन्ही एकत्र. इथे डावा 'आणि'वर पडताना उजवाही त्याच्यासोबत ओढला जातो. जाऊ देऊ नका. गरज पडली तर मेट्रोनोम ५० वर आणा.
५. हे हातात आलं की कॉर्डचा बदल पुढच्या एकवर करण्याऐवजी आधीच्या 'चार'नंतरच्या 'आणि'वर करा आणि तो धरून एकच्या पलीकडे जा. गाण्याला पुढे झुकल्यासारखी चाल येते ती इथून. दर बदलाला नको. चारपैकी एखाद्याला पुरे.

दोन आणि चारवरचा जोर आपल्याकडच्या कानाला सहजी येत नाही. भजनात, आरतीत, केरव्याच्या गाण्यात आपली टाळी समेवर पडते आणि हातही तिकडेच जड होतो. म्हणून नुसतं वाजवून भागत नाही. रेकॉर्ड लावून दोन-चारवर टाळी द्यायचा सराव करा, गाणं संपेपर्यंत, मध्येच एक-तीनवर न घसरता.

सहा मोजण्याच्या गाण्यांत हीच गोम जास्त बोचते. 'नॅचरल वुमन' हे गाणं किंग आणि गॉफिन यांनी गायिका अरीथा फ्रँकलिन हिच्यासाठी केलं (१९६७), आणि 'टॅपेस्ट्री'त किंगनं ते स्वतः, जवळजवळ एकट्या पियानोवर, गायलं. चर्चमधल्या गॉस्पेलच्या चालीचं गाणं आहे. मोजणी एक ते सहा, दादऱ्यासारखी. पण दादऱ्यात चौथी मात्रा खालीची, त्यामुळे हात तिथे आपोआप हलका होतो. इथे सगळं वजन नेमकं चारवर आहे. एकवर डावा हात खोल आणि शांत, चारवर उजवा ठाम. दादऱ्याचा झोका येऊ दिलात की गाणं तिथल्या तिथे भावगीत होतं. भावगीत वाईट असतं असं नाही, पण ते हे गाणं नाही.

पेडल

पेटीचा स्वर हवा आहे तोवर टिकतो. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विझत जातो. म्हणून किंग कॉर्ड धरून बसत नाही, दर ठोक्याला ती पुन्हा वाजवते, आणि पेडल फक्त दोन कॉर्डमधली फट बुजवायला वापरते.

पाय कॉर्डसोबत खाली न्यायचा नाही. क्रम असा: कॉर्ड वाजली, मग पाय खाली. पुढची कॉर्ड वाजली त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच पुन्हा खाली. म्हणजे हात खाली तेव्हा पाय वर. सुरुवातीला हे डोक्यावरून जातं. फक्त दोन कॉर्डवर, मेट्रोनोम ५० ला, पाच मिनिटं केलं की पाय ऐकायला लागतो. टाच जमिनीवरच राहिली पाहिजे, पूर्ण पाय उचललात तर पेडलचा खटका माइकमध्ये येतो.

आवाज गढूळ झाला तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: खालचा बास बदलला पण पेडल बदललं नाही. नियम सोपा ठेवा. डावा हात बदलला की पाय बदलायचा.

आठ मापांचा सराव

हे कुठल्याही गाण्यातून घेतलेलं नाही, पण वर सांगितलेलं सगळं यात येतं. चार-चार मात्रांची आठ मापं, आधी डावा, मग उजवा:

१. सी · जी-सी-ई
२. ई · जी-बी-डी
३. ए · जी-सी-ई
४. डी दोन मात्रा, मग जी दोन मात्रा · दोन्हीवर ए-सी-एफ
५. एफ · ए-सी-ई
६. ई · जी-बी-डी
७. डी दोन, जी दोन · ए-सी-एफ
८. सी · दोन मात्रा जी-सी-एफ, दोन मात्रा जी-सी-ई

शेवटच्या मापात एफवर करंगळी आणि ईवर अनामिका, म्हणजे म वरून ग ला उतरताना हात उचलावा लागत नाही. चौथ्या आणि सातव्या मापात उजवा हात हलतच नाही हे ध्यानात आलं असेल. बहुतेकांची गल्लत तिसऱ्या मापात होते: डावा ए शोधायला जातो तेव्हा नजर डावीकडे वळते आणि उजवा हात ढिला पडतो. नजर उजव्यावर ठेवा. डाव्याला उडी अंगवळणी पडेपर्यंत एकटाच घोटवा.

आता गळा

वाजवता येतं आणि गाताही येतं म्हणजे वाजवत गाता येईल असं नाही. मधल्या पायऱ्या वगळू नका. आधी पियानो न अडखळता चार वेळा सलग. मग त्यावर शब्द नुसते बोला, गप्पा मारल्यासारखे, सूर न लावता. हे जमलं की चाल गुणगुणा, शब्दांशिवाय. शेवटी दोन्ही. बोलताना हात थांबत असतील तर गाताना थांबणारच, म्हणून दुसरी पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किंगचा आवाज मोठा नाही. सरळ लावलेला सूर, कंप अगदी थोडा, वरच्या पट्टीत किंचित खरखर. ओळ ठोक्याच्या जराशी मागून सुरू होते, आणि पियानो मात्र ठोक्यावरच असतो. दोघांमधलं हे अंतर हीच गंमत. आपल्याकडचा शिकलेला गळा इथे हरकती घेतो, मुरक्या घेतो, लांबवलेल्या सुरावर जागा शोधतो. पहिल्या वेळी एकही घेऊ नका. सूर जिथे संपतो तिथे संपू द्या.

रिकामी जागा भरायचं काम पियानोचं. गळा थांबला की उजव्या हाताला दोन मात्रा मिळतात: तीन-चार स्वर, त्याहून जास्त नाही. सीमध्ये सी-डी-ई-जी-ए हे पाच धरून चला, म्हणजे भूपाचे स्वर. डीचा कण देऊन ईवर उतरलात, म्हणजे रेचा कण आणि ग, की लगेच गॉस्पेलचा वास येतो. मींड पियानोवर येत नाही, कण येतो. आणि गळा सुरू असताना उजवा हात कॉर्डवर परत. दोघं एकदम बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही.

स्केल ठरवताना गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा आणि तो तुमच्या टोकाच्या सुराच्या दोन पट्ट्या तरी खाली येईल असं बघा. ट्रान्स्पोजचं, म्हणजे सगळी पट्टी वर-खाली सरकवायचं, बटण वापरायला हरकत नाही, पण आकडा कागदावर लिहून ठेवा. नाहीतर गिटारवाला कॉर्ड विचारतो, तुम्ही बोटांकडे बघून सांगता, आणि दोघं वेगवेगळ्या स्केलमध्ये सुरू होता.

कुठलं गाणं आधी

'इट्स टू लेट'पासून सुरुवात करा. अंतरा ए मायनर सेव्हन आणि डी सिक्स यांच्यात झुलतो. ए सा धरला तर कोमल ग, कोमल नी आणि शुद्ध ध: काफी थाट. ध्रुवपद आलं की बी फ्लॅट मेजर सेव्हन आणि एफ मेजर सेव्हन येतात, म्हणजे शुद्ध धैवत जाऊन कोमल येतो आणि कोमल रिषभही शिरतो. गाणं तिथे उजळतं की मावळतं हे ऐकणाऱ्यानं ठरवावं. वाजवणाऱ्यानं मात्र तिथे ठेका बदलायचा नाही. रंग बदलायला कॉर्ड पुरेशा आहेत.

मग 'विल यू लव्ह मी टुमॉरो'. शिरेल्सची लय चपळ आहे, किंगनं दहा वर्षांनी तेच गाणं संथ केलं, आणि मागे जोनी मिशेल व जेम्स टेलर या गायकांचे आवाज घेतले. दोन्ही ऐका आणि दोन्ही लयींत वाजवा. संथ लयीत उजव्या हाताचे चार ठोके उघडे पडतात, कुठला कमी-जास्त झाला ते लगेच कळतं.

'यूव्ह गॉट अ फ्रेंड' मूळ स्केलमध्येच शिका, म्हणजे काळी चारमध्ये. पियानोच्या क्लासमध्ये ए फ्लॅट म्हटलं की विद्यार्थी दचकतात. पेटीवर बाईमाणसाच्या गाण्याला साथ केलेल्याला काळी चार घरची असते. अंतरा पांढरी चारवरच्या मायनरमधून निघतो आणि ध्रुवपद काळी चारच्या मेजरला येतं. वरची न हलणाऱ्या हाताची युक्ती इथे अशी बसते: उजवीकडे काळी एक, पांढरी चार, काळी चार, डावीकडे काळी एक, मग काळी पाच, मग काळी दोन. उतरताना काळी एकचं बोट शेजारच्या पांढरी एकवर, पांढरी चारचं काळी दोनवर, आणि काळी चार जागेवर. सोबत गिटार असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीचे आकार वाजवायला सांगा.

'आय फील द अर्थ मूव्ह' शेवटी. सी मायनरमधलं आहे आणि डावा हात त्यात अक्षरशः बडवतो. डाव्या मनगटात ताठरपणा आला की थांबा. दुखरं मनगट घेऊन वेग वाढत नाही.

मराठी शब्दांवर हा ढंग घ्यायचा असेल तर बांधणीचा एक फरक सांभाळावा लागतो. भावगीतात ध्रुवपद आधी येतं, अंतरा वर चढतो आणि परत ध्रुवपदाला येतो. इथे उलटं आहे: अंतरा आधी, खालच्या सुरात, बोलल्यासारखा, ध्रुवपद नंतर आणि वर. भावगीत जसंच्या तसं या साच्यात टाकलं तर पहिल्याच ओळीला सगळा जोर संपतो. स्वतः लिहिताना अंतऱ्याच्या शेवटी दीर्घ अक्षर येऊ द्या, म्हणजे एफ ओव्हर जीवर ते लांबवता येतं. ऱ्हस्व अक्षर ताणलं की शब्द मोडतो.

माइक, रेकॉर्डिंग, बँड

माइकचा स्टँड समोरून नको, बूम असलेला बाजूनं आणा. तोंडापासून अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटर, माइक किंचित खालून वर तोंडाकडे. हातांकडे बघायला मान खाली जाते आणि आवाज माइकबाहेर पडतो, म्हणून माइक अशा जागी हवा की मान वळवली तरी तोंड त्याच्या टापूत राहील. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर कीबोर्डचा स्पीकर कमी ठेवा आणि मोबाइल चेहऱ्याच्या बाजूनं ठेवा. उलट केलं की पियानोच पियानो ऐकू येतो. आवाज आणि वाद्य एकत्रच रेकॉर्ड करा. वेगवेगळं केलं तर ठोक्यामागचा तो किंचित उशीर हटकून नाहीसा होतो.

बँडमध्ये बास गिटार असेल तर डाव्या हातानं गप्प बसायला शिकावं लागेल. 'टॅपेस्ट्री'त चार्ल्स लार्की बास वाजवतो. हेडफोन लावून तो आणि पियानोचा डावा हात वेगवेगळे ऐका, म्हणजे एकमेकांना जागा कशी द्यायची ते कळेल. तुमच्या बासवाल्यासोबत सुरुवातीला सप्तकाच्या जोड्या बंद करा, फक्त एकवर एक स्वर ठेवा, आणि 'आणि'वरचे ठोके त्याला द्या. एफ ओव्हर जीच्या जागा मात्र त्याला आधी सांगून ठेवा. कॉर्डच्या कागदावर नुसतं 'एफ' लिहिलेलं असेल तर तो एफच वाजवणार, आणि तुमचा उजवा हात कितीही बरोबर असला तरी ती कॉर्ड तिथे ऐकू येणार नाही.